समुद्रकाठी तंबूत दोन रात्री: घरून काय करून न्यावं

कोकण किनाऱ्यावर तंबू लावून राहायचे चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च लागला की दुपारी तंबूत बसवत नाही, आणि जूनपासून विषयच संपतो. पण थंडीच्या दिवसांतही किनाऱ्यावरची हवा दमट असते, दुपारी पारा तिशीच्या वर जातो. पुण्याला थंडीत दोन दिवस टिकणारी बटाट्याची भाजी इथे दुसऱ्या सकाळी आंबूस वास मारते. त्यामुळे घाटावरची प्रवासाच्या खाण्याची यादी जशीच्या तशी खाली उतरवून चालत नाही. दमट हवा लक्षात घेऊन बेत आखला, तर मात्र घरी एक संध्याकाळ खर्चून दोन रात्रींचं जेवण तयार होतं, आणि तिथे फक्त पाणी उकळायचं काम उरतं.

ठरवायचं कसं, तर पदार्थात पाणी किती उरलंय ते बघून. पाणी आहे तो पदार्थ एकतर गोठवून न्यायचा आणि पहिल्याच रात्री संपवायचा, नाहीतर न्यायचाच नाही. पाणी नाही तो डब्यात घट्ट बंद करून कितीही लांब न्या. मधले पदार्थ, म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शिजवलेलं ओलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर गेली की एका तासावर. हा नियम किनाऱ्यावर जरासुद्धा सैल करू नका, सोबत मुलं असतात.

सगळ्यात आधी खोबरं. आपलं निम्मं जेवण ओल्या खोबऱ्यावर चालतं आणि सगळ्यात आधी नासतं तेही तेच. खवलेलं खोबरं, ओल्या खोबऱ्याची चटणी, नारळाचं दूध घातलेली सोलकढी, ओलं वाटण घातलेली उसळ: यातलं काही घरून करून नेऊ नका. पाच-सहा तासांचा घाट, गाडीतलं ऊन, आणि पोहोचेपर्यंत खोबऱ्याला तार सुटलेली असते. नारळ मात्र अख्खा न्या. फोडेपर्यंत तो स्वतःच घट्ट बंद डबा आहे. सोबत हाताने फिरवायची छोटी खोवणी असली की झालं. घरी करायच्या प्रत्येक वाटणात, चटणीत सुकं खोबरं वापरा आणि तेही खमंग भाजून. चव वेगळी येते हे खरं, पण भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची चव काही कमी प्रतीची नाही.

पुढची मापं चार जणांची आहेत. वाटी म्हणजे 150 मिलीची, मोठा चमचा 15 मिलीचा, लहान 5 मिलीचा.

पहिली रात्र: गोठवलेली उसळ आणि वडे

पोहोचायला संध्याकाळ होते, तंबू लावेपर्यंत अंधार पडतो, मुलं भुकेलेली असतात. अशा वेळी काळ्या वाटाण्याची उसळ गरम करून वाढण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. दोन वाट्या काळे वाटाणे दहा-बारा तास भिजवा. कुकरमध्ये अर्धा चमचा मीठ घालून सहा-सात शिट्ट्या. वाटाणा बोटांत सहज दाबला गेला पाहिजे. इथे कच्चट राहिला तर तिथे तो शिजत नाही, नुसता गॅस जळतो.

वाटणाला एक वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि उभे चिरलेले दोन कांदे वेगवेगळे भाजून घ्या. एक मोठा चमचा धणे, एक लहान चमचा बडीशेप, चार लवंगा, चार मिरी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दहा लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा हे थोड्या तेलावर परतून सगळं एकत्र बारीक वाटा. मग तीन मोठे चमचे तेलात हे वाटण आणि दोन मोठे चमचे मालवणी मसाला मंद आचेवर परतत राहा. कडेने तेल सुटलं आणि वाटण गोळा होऊन कढई सोडू लागलं की त्यातलं पाणी उडालं. घाई होते ती इथेच. अर्धवट परतलेल्या वाटणाला कच्च्या कांद्याचा वास राहतो आणि ते टिकतही कमी. वाटाणे घालून मीठ घाला, रस्सा नेहमीपेक्षा निम्मा ठेवा. बटाटा घालू नका, गोठवल्यावर तो स्पंजासारखा भुसभुशीत होतो.

आता गार करणं. पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलेली उसळ मधोमध तासन्‌तास कोमट राहते आणि बिघाड तिथेच सुरू होतो. म्हणून परातीत पसरा, परात गार पाण्याच्या टबात ठेवा, वाफ निघून गेली की जाड झिपच्या पिशवीत इंचभर जाडीची सपाट लादी करून फ्रीझरमध्ये किमान 24 तास. सपाट लादी लवकर गोठते, पेटीत नीट बसते, आणि तिथे पातेल्यात तोडून टाकता येते. किनाऱ्यावर दोन वाट्या उकळतं पाणी घालून खळखळून पाच मिनिटं उकळा. नुसती कोमट करून वाढू नका.

सोबत घरून तळून नेलेले मालवणी वडे, म्हणजे पुरीसारखे फुगणारे. तळल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम वडा डब्यात गेला की झाकणाला घाम सुटतो, तो घाम वड्यावर पडतो, आणि संध्याकाळी वडे चिवट होतात. फुगे बसणारच, पण तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट टाकले की मऊ होतात.

पेटी आणि बर्फ

चौघांना पंचवीस लिटरची बर्फाची पेटी पुरते. सुटा बर्फ भरू नका. एक-एक लिटरच्या पाच बाटल्या पिण्याच्या पाण्याने भरून, वर दोन बोटं जागा सोडून, दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये ठेवा. मोठा गोळा चुऱ्यापेक्षा हळू वितळतो, वितळलेलं पाणी अन्नात सांडत नाही आणि शेवटी पिता येतं. आदल्या रात्री एक गोठलेली बाटली रिकाम्या पेटीत टाकून ठेवली, तर पेटी आतून गार होते आणि सकाळी भरलेला बर्फ पेटी गार करण्यातच संपत नाही. मोकळ्या जागेत टॉवेल कोंबा. पेटी डिकीत ठेवू नका, माणसं बसतात तिथे पायाशी ठेवा. सरबत, दही, फळं यांना वेगळी पिशवी, कारण मुलं ती दर अर्ध्या तासाने उघडणार.

थर्मामीटर नसेल तर बाटली हलवून बघा. आत बर्फाचा गोळा खडखडतोय तोवर पेटीतलं अन्न सुरक्षित. सगळं पाणी झालं असेल आणि बाटली नुसती थंडगार लागत असेल, तर उरलेलं ओलं अन्न लगेच उकळून संपवा. बर्फ कधी वितळला ते कळलंच नसेल, तर टाकून द्या. बंदरावर, म्हणजे हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा ठिकाणी बर्फ विकत मिळतो, तो पेटी गार करायला उत्तम. पण तो मासळीसाठी केलेला असतो, त्यामुळे सरबतात घालायचा नाही.

सकाळ: चूल न पेटवता

दडपे पोह्यांसारखी तंबूतली न्याहारी नाही. चार वाट्या पातळ पोहे, अर्ध्या नारळाचं खोबरं (तिथे फोडून, तिथे खवून), एक बारीक चिरलेला कांदा, अर्धं लिंबू, लहान चमचाभर साखर, मीठ. हाताने चांगलं चुरून, वर नारळाचं पाणी शिंपडून, दडपून वीस मिनिटं. ओलावा खोबऱ्याचा आणि कांद्याचा लागतो, नारळपाणी फक्त चार-पाच मोठे चमचे. पूर्ण नारळाचं पाणी ओतलं की पोह्यांचा लगदा होतो.

फोडणी घरूनच न्यायची. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या, शेंगदाणे, कढीपत्ता. पानं हातात चुरली जातील इतकी कुरकुरीत झाली पाहिजेत. गार झाल्यावर छोट्या बाटलीत. हिरवी मिरची आणि लसूण मात्र या तेलात ठेवू नका. कच्चा किंवा अर्धवट तळलेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, कारण हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात आणि वासाने ते कळत नाही.

पातळ पोहे किनाऱ्यावर एका रात्रीत सादळतात. डबा घट्ट नसेल तर सकाळी कोरड्या कढईत दोन मिनिटं गरम करून घ्या, पुन्हा कुरकुरीत होतात. मिठालाही पाणी सुटतं, ते भाजून, लहान बाटलीत, तळाशी थोडे तांदूळ घालून न्या.

पाणी घालायची मिश्रणं

हा भाग नीट जमला तर पुढचे दोन दिवस सुखाचे. तीन पाकिटं करायची.

पहिलं उपम्याचं. दोन वाट्या रवा मंद आचेवर, हाताला हलका लागेपर्यंत, साधारण दहा-बारा मिनिटं भाजा. लाल करायचा नाही. वेगळ्या कढईत तीन मोठे चमचे तेल, मोहरी, लहान चमचाभर उडीद डाळ, कढीपत्ता, सुक्या मिरच्यांचे तुकडे, थोडे काजू. रवा त्यात घालून दोन मिनिटं परता. दीड लहान चमचा मीठ, एक लहान चमचा साखर. ताटात पसरून दोन तास गार करा आणि मगच भरा. तिथे पाच वाट्या पाणी खळखळ उकळलं की एका हाताने मिश्रण सोडायचं, दुसऱ्याने ढवळायचं, झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं. गुठळ्या होतात त्या पाणी पुरेसं उकळलेलं नसतं म्हणून. कच्चा कांदा आणि लिंबू वरून.

दुसरं कुळथाच्या पिठीचं. एक वाटी कुळथाचं पीठ कोरडंच मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून घ्या. आठ लसूण पाकळ्यांचे पातळ काप तेलात तळून बदामी आणि खडखडीत कोरडे करा, टिपकागदावर निथळून चुरा. हा चुरा, लहान चमचाभर मीठ, लहान चमचाभर तिखट, पाव चमचा हळद, हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड हे सगळं पिठात मिसळा. चार-पाच आमसुलं वेगळ्या पुडीत बांधा. ती पिठात टाकली तर त्यांच्या ओलाव्याने पीठ गोळा होतं. तिथे मिश्रण आधी दोन वाट्या गार पाण्यात कालवायचं, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचं, आमसुलं टाकून सात-आठ मिनिटं उकळायचं. कोरडं पीठ सरळ उकळत्या पाण्यात गेलं की गाठी होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. पातेलं मोठं घ्या, पिठी उतू जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावरून गार वारा सुटला की वाटीवाटीने प्यायला यासारखं काही नाही.

तिसरं मुगाच्या खिचडीचं. तयार भात घरून नेऊ नका. शिजवताना न मरणारे काही जंतू कोमट भातात वाढतात, त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यापेक्षा दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ घरीच धुवा, पंचावर रात्रभर सावलीत पसरा, सकाळी मंद आचेवर दाणे खडखड वाजेपर्यंत भाजा. यामुळे तिथे धुण्याचं पाणी वाचतं, आणि तंबूच्या जागी पाण्याचाच प्रश्न मोठा असतो. दोन लहान चमचे मीठ, हळद, दोन लहान चमचे गोडा मसाला, मोठा चमचाभर भाजलेलं सुकं खोबरं मिसळून पाकीट बंद करा. तिथे साडेसात वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तूप, चार शिट्ट्या. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर खिचडीला प्यायचंच पाणी वापरा, जड पाण्यात डाळ शिजत नाही. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा.

प्रत्येक पाकिटावर चिकटपट्टी लावून पाण्याचं माप लिहा. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, कुणी तिसरंच माणूस स्वयंपाकाला बसलं तरी अडत नाही.

मधल्या वेळचं

गुळाच्या दशम्या: तीन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, पाऊण वाटीच्या आसपास दूध, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. दूध उकळून कोमट केल्यावरच गूळ विरघळवा, गरम दुधात घातला की दूध फुटतं. पाण्याचा हात न लावता घट्ट भिजवा, थोड्या जाड लाटा, मंद आचेवर तूप सोडून भाजा. गुळामुळे लवकर करपतात, आच वाढवू नका. तिखटमिठाच्या पुऱ्याही घट्ट भिजवलेल्या आणि जरा जास्त वेळ तळलेल्याच टिकतात. टम्म फुगलेल्या मऊ पुरीत वाफ अडकते.

सोबत सुकी लसूण चटणी, मेतकूट, आणि मासळी खाणाऱ्यांना सुक्या जवळ्याची चटणी. जवळा निवडून कोरड्या तव्यावर बोटांनी चुरेल इतका भाजा, मग सुक्या मिरच्या, भाजलेलं सुकं खोबरं, तळलेला लसूण, दोन आमसुलं घालून खलबत्त्यात कुटा. कांदा घालायचा असेल तर तिथे, खाताना. ही चटणी काचेच्या घट्ट फिरकीच्या बरणीत ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्यातून वास सुटतो आणि किनाऱ्यावरची कुत्री-मांजरं रात्रभर तंबूभोवती घुटमळतात.

आंबा पोळी, फणस पोळी, मालवणी खाजा हे वाटेत घ्या. घरी करायचा खटाटोप नको.

प्यायला आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. सोलकढी जमत नाही म्हणून हळहळू नका. गार पाण्यात आगळ, जिरेपूड, चिमूट साखर, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर घातली की तिवळ झालं, भातावरही चालतं. एका पेल्याला एक मोठा चमचा आगळ घालून चव बघा, मीठ नंतर. आगळात मीठ भरपूर असतं. बाटली काचेची किंवा प्लॅस्टिकची, पितळ-ॲल्युमिनियमच्या भांड्यात कोकम कळकतं.

ताजी मासळी मिळाली तर

हर्णेसारख्या बंदरावर लिलावातून किंवा गावातल्या कोळणीकडून मासे घेता येतात. त्यासाठी घरून दोन पुड्या: एकीत तीन लहान चमचे मालवणी मसाला आणि एक लहान चमचा हळद, दुसरीत अर्धी वाटी बारीक रवा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ. किलोभर मासळीला दोन मोठे चमचे आगळ आणि पहिली पुडी चोळून पंधरा मिनिटं, मग घोळवून तळा. मासे तिथेच साफ करून घ्या, विकणाऱ्या बायका करून देतात. तंबूजवळ मासे धुतले की माश्या उठतात.

शेगडी

छोट्या शेगडीच्या 220 ग्रॅमच्या गॅस डबीवर पूर्ण आच साधारण दीड तास चालते. वरच्या बेताला दोन डब्या पुरतात, तिसरी राखीव. वाऱ्यात आच निम्मी वाया जाते, म्हणून तीन बाजूंनी आडोसा हवा, पण डबी त्या आडोशात कोंडू नका, तापून फुटते. तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाहीच: आग लागते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. सुरूच्या बनातही सावध राहा. खाली पडलेली सुरूची पानं सुकल्यावर भुरकन पेटतात. मीटरभर जागा वाळू दिसेपर्यंत झाडून तिथे शेगडी मांडा. कोकण रेल्वेने जाणार असाल तर गॅस डबी नेता येत नाही, मग शेगडी उतरल्यावर गावात भाड्याने बघा किंवा दडपे पोहे, दशम्या, चटण्यांवरच बेत ठेवा.

रात्री अन्नाचे सगळे डबे गाडीत. गाडी नसेल तर झाकणाला कडी असलेला स्टीलचा डबा, पिशवीत घालून फांदीला टांगलेला. मुंग्या दोरीवरून उतरतात, दोरीला मध्ये तेलाचं बोट लावा.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि तोच नेमका आपला तंबूचा हंगाम असतो. वाळूत पुरलेल्या माशांच्या डोक्यांमागे आणि उष्ट्या भातामागे कुत्री येतात, ती मग कासवांची घरटीही उकरतात. म्हणून उष्टं वाळूत पुरू नका. झाकणाचा एक रिकामा डबा फक्त त्यासाठी न्या आणि गावात परतल्यावर योग्य जागी टाका. उसळ नेलेली झिपची पिशवी पहिल्या रात्रीनंतर रिकामीच असते, ती ओल्या कचऱ्याला चालते.